देवलाची चार बटणं

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आठ दिवसांत मंगरुळहून तपासणीस बाई येणार असा निरोप आला आणि पंचफुलाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आसेगावच्या बालवाडीत तिला लागून चारच महिने झाले होते. पोरं बावीस, पण ‘ग’च्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. तिनं गाणी बंद केली, मातीतला खेळ बंद केला. सकाळपासून नुसती अक्षरं.

त्यात ही चार वर्षांची देवला. भावाचा जुना सदरा घालून यायची आणि दारातच बसून बटणं लावायची. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

“अवं, आटप ना!” म्हणत पंचफुलानं चारही बटणं झटक्यात लावून दिली. देवलानं खाली पाहिलं, चारही सोडली आणि पुन्हा सुरुवात केली. पंचफुलानं तिच्या हातावर चापट मारली. पोरगी रडली नाही. नुसती बघत राहिली.

दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी पंचफुला तिच्या घरी गेली. देवलाची आई धनीबाई तुरीच्या शेंगा सोलत होती.

“पोरगी काहून येत नाही?”

“म्हन्ते, बाईले घाई हाय.”

ओट्यावर देवला सदऱ्याशी झटत होती. पंचफुला शेजारी बसली. तक्ते चिकटवायचे होते, भिंत सारवायची होती, ऊन उतरत होतं. दोनदा तिचा हात पुढे गेला. शेवटी तिनं तो मांडीखाली दाबून धरला. धनीबाईच्या शेंगा सोलून झाल्या तेव्हा कुठे चौथं बटण बसलं. देवला उठली आणि बकरीमागं पळाली.

दुसऱ्या दिवसापासून मातीचा खेळ पुन्हा सुरू झाला. देवलाही आली.

तपासणीच्या दिवशी पोरं ‘ग’पाशीच अडली.

“चार महिन्यांत इतकंच?” तपासणीस बाईंनी विचारलं.

“हो बाई. मी घाई केली होती. एक पोरगी यायची थांबली, मंग मीच थांबले.”

तपासणीस बाईंनी वहीत ‘प्रगती मंद’ असा शेरा मारला आणि नोकरी टिकवायला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे तीन महिने पंचफुला पोरांमधून येरझाऱ्या घालत राहिली, दिवस मोजत राहिली, पण कुणाला ओढलं नाही. मुदत संपली तेव्हा पोरं ‘म’पर्यंत आली होती. नोकरी राहिली. शेरा मात्र कुणी खोडला नाही.