तिसऱ्या वर्षीची धायटी

मधुकरराव वैद्यांनी फांदी वाकवून शेंड्यापर्यंत चाचपली. पानंच पानं. कळीचा मागमूस नाही. चिडून त्यांनी ती सोडली, तशी ती सपकन त्यांच्याच गालावर बसली.

महाल पेठेतल्या घरामागं धायटीचं हे झुडूप ते तीन वर्षं जोपासत होते. काळी माती, शेणखत, रोज दोन कळश्या पाणी. धायटीच्या फुलांवाचून औषधी आसव मुरत नाही. पूर्वी रामटेककडची देवकी टोपल्या भरभरून लाल फुलं आणायची. मग मध्यप्रांत सरकारनं डोंगर राखीव केला आणि जंगलाचा नाकेदार तिला अडवू लागला. तेव्हाच वैद्यांनी ठरवलं होतं, झाड आपल्याच दारी लावायचं. नाकेदाराची कटकट नको आणि देवकीची वाट पाहणंही नको.

आज ती बऱ्याच दिवसांनी आली, तर त्यांनी तिला थेट परसात नेलं.

"पाहा वं, काहून फुलत नाही ही? काय कमी केलं मी हिला?"

देवकीनं मातीत बोट खुपसलं.

"कमी नाही जी, जास्त झालं. डोंगरात मुरमात राहते, उनात तापते, तवा फुलते. तुमी तिले बाळंतिणीवानी खाऊ घालून राहिले."

"मग आता?"

"पानी तोडा, मुरूम टाका. दोन-तीन सालात फुलन."

"दोन-तीन साल! रोगी थांबतील तोवर?" वैद्यांनी कळशी लाथेनं उडवली. पाणी पुन्हा धायटीच्याच बुडाशी गेलं.

देवकीनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर फुलं होती. तिचं मनगट सुजून काळंनिळं पडलेलं त्यांना आत्ता दिसलं.

"नाकेदारानं टोपली हिसकली. एवढीच वाचली."

"परवाना का काढत नाहीस?"

"दोनदा गेली होती कचेरीत. अर्जी लिहून आन म्हनते. मले कोन लिहून देईन?"

अर्ध्या गल्लीचे अर्ज वैद्यच लिहून देत.

ते दऊत-कागद घेऊन ओट्यावर बसले. 'अर्जदार' लिहून पुढं नकळत स्वतःचंच नाव 'मधुकर' लिहिलं. हात थांबला. तो कागद चुरगळून त्यांनी दुसरा घेतला.

"देवकीबाई," ते म्हणाले, "पूर्ण नाव सांगा तुमचं."