‘येकुर’ची नोंद

लॅटिन शब्दकोशाचं काम अक्षरानुसार चालायचं. पण ज्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी कोशकाराच्या बायकोचं यकृत निकामी झाल्याचं सांगितलं, नेमका त्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर ‘येकुर’ आला. येकुर म्हणजे यकृतच.

“हा मी करतो, तू घरचं बघ,” शेजारचा सहकारी म्हणाला. कोशकाराने मानलं नाही. दुसरं त्याच्या हातात होतं तरी काय? स्वतःच्या यकृताचा तुकडा द्यायला तो एका पायावर तयार होता. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी मान हलवली. “तुमचंच चरबीनं भरलंय. दोघांनाही गमावून बसू.”

संध्याकाळी तो दवाखान्यात बायकोच्या खाटेशी स्टूल ओढून बसला. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता.

“काय पंडित, माझा शब्द कुठवर आला?”

“अडकलाय गं. ‘यकृताचं’ म्हणायला कुणी येकोरिस लिहितो, कुणी येकिनोरिस, कुणी योकिनेरिस. मध्येच ‘न’ घुसतो.”

“तो कुठून आला?”

कोशकाराची कळी खुलली. “तोच तर जुना! संस्कृतात बघ, यकृत्, पण ‘यकृताचं’ म्हणजे यक्नः. तिथेही ‘न’. दोन्ही भाषांची पणजी एकच. पुढे लॅटिनवाल्यांना ते झेपेना, मग ज्याने त्याने ‘र’ आणि ‘न’ची आपापल्या परीने मोट बांधली.”

“म्हणजे याने सगळ्यांनाच छळलंय,” ती हसली आणि कळ येऊन कुशीवर वळली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “अहो, इतकं सगळं माहीत आहे तुम्हाला. मग काहीतरी करा ना.”

ती थट्टा करत नव्हती. तिचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन तो चेपत राहिला. बोट दाबलं की खळगा पडे आणि भरून यायला वेळ लागे.

दुसऱ्या कुणाचं यकृत मिळेल म्हणून तिचं नाव नोंदवलं होतं. फोन आलाच नाही. पुढे तिचं बोलणं भरकटायला लागलं. एकदा त्याच्याकडे बोट दाखवून तिने नर्सला विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

“मी इथलाच,” तो म्हणाला.

तो चहा आणायला खाली गेला होता, तेवढ्यात ती गेली.

कचेरीत परतला तेव्हा सहकाऱ्याने नोंद पुरी करून ठेवली होती. सगळी रूपं, संस्कृतातला भाऊबंद, सगळं जागच्या जागी. कोशकाराने ती दोनदा वाचली, सही केली. दिवे मालवायला शिपाई आला तरी तो खुर्चीतच होता.

“साहेब, घरी नाही जायचं?”

“जायचंय की,” तो म्हणाला, पण उठेना.