मरणछाटणी

मोळी उचलली आणि ब्लासाला समजलं, नवरा आपल्याला फसवतोय. मोळी जड होती. दर फेब्रुवारीत असते तेवढीच जड, आणि यंदा ती तशी असायचं काही कारण नव्हतं.

ठरलं होतं ते असं. वेलींचं हे शेवटचं वर्ष. शरदात द्राक्षं उतरवून गावच्या सहकारी वाइनरीत घालायची आणि मग मशीन बोलावून सगळ्या वेली मुळासकट उपटून टाकायच्या. आता जी वेल उपटायचीच आहे, तिची छाटणी वेगळी असते. एरवी प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे आणि बाकीची काडी उडवायची. घड थोडे येतात, पण वेल टिकते. उपटायच्या वेलीला मात्र काड्या लांबच्या लांब सोडायच्या. मग ती घडांनी लगडते, अंगात उरलंसुरलं सगळं ओतते आणि संपते. गावात याला मरणछाटणी म्हणत. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, ज्याला वेली काढायच्या असत तो करतच असे. आणि मरणछाटणीत काड्या पडतात थोड्या. मोळी हलकी होते.

ही मोळी दोन डोळ्यांच्या छाटणीची होती.

ब्लासानं ती खाली टाकली आणि उताराकडे पाहिलं. अतिलानो बऱ्याच खालच्या ओळीत वाकला होता. टोपी कानांवर ओढलेली, पार्श्वभाग मोनकायो डोंगराकडे, तोंड वेलीत. त्याच्या मागे वरपर्यंत सगळ्या वेली नीट, आखूड, पुढची वीस वर्षं जगायचं असल्यासारख्या छाटलेल्या. आठवडाभर ती वाकून काड्या गोळा करत होती आणि एकदाही मान वर करून वेलींकडे पाहिलं नव्हतं. वाकलेल्या माणसाला जमीन दिसते, दुसरं काय दिसणार?

या वेली अतिलानोच्या आजोबांनी लावलेल्या. गार्नाचा जातीच्या काळ्या द्राक्षांच्या. तार नाही, मांडव नाही, गुडघाभर उंचीचं पिळवटलेलं खोड आणि त्यावर चार-पाच फांद्या. मशीनला इथे छाटणी-तोडणी जमत नाही, जे करायचं ते कंबरेत वाकून. वाइन मात्र होते गडद, भरल्या अंगाची, एक घोट घेतला तर जेवण संपेपर्यंत जिभेवर राहणारी. आणि स्वस्त. बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन येत, वाइनरीच्या अंगणात पेला हलवत म्हणत, “इतक्या जुन्या वेलींची, आणि एवढ्या कमी किमतीत!” ती स्वस्त कशी पडते हे कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर ब्लासानं पाठ वळवून कंबर दाखवली असती.

ती दमली होती. यंदाच नव्हे, किती वर्षांपासून ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला कुठे जायचं नव्हतं, मुलीच्या सारागोसा शहरातल्या घरीसुद्धा नाही. तिला फक्त हे थांबायला हवं होतं. नाताळात तिनं तसं सरळ सांगितलं होतं, आणि अतिलानोनं सूप पिता पिता “बरं” म्हटलं होतं. मग वेली काढायच्या कागदांवर सहीही करून आला होता. ते “बरं” तिनं हिवाळाभर जपून ठेवलं होतं.

ती उतार उतरून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

“काय चाललंय?”

“छाटणी.” त्यानं मान वर केली नाही.

“कसली?”

“कसली म्हणजे? छाटणी ती छाटणी.”

“अतिलानो, मी म्हातारी झालेय, आंधळी नाही झाले. डोळे मोज या काडीवरचे.”

कात्री थांबली. सिएर्झो वारा सुटला होता, त्यात तो पुटपुटला ते तिला ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं बोल.”

“हात ऐकत नाही म्हटलं! लांब सोडायची म्हणून जातो आणि हात आखूड कापून मोकळा होतो. मी काय करू?”

“वा! आणि हा हात कुणाचा, पाद्रीबाबांचा?”

“उगाच चिडू नकोस.”

“उगाच? मला शब्द दिलास तू. या अशा वेली ठेवल्यास म्हणजे शरदात म्हणशील, एवढ्या छान आहेत, राहू दे आणखी एक वर्ष. मग आणखी एक. मी तुला ओळखत नाही होय?”

त्यानं टोपी आणखी खाली ओढली. म्हणजे बरोबर तेच त्याच्या मनात होतं. ब्लासाला इतका राग आला की तिला तिथेच, चिखलात बसून रडावंसं वाटलं. माणसानं भांडावं, नाही म्हणावं. हा नाही म्हणत नाही, बरं म्हणतो आणि मागून आपलंच खरं करतो.

मग त्यानं कात्री तिच्यापुढे धरली. “तू कर. तुला जमेल.”

हेही नेहमीचंच. खेचर विकलं तेव्हा अतिलानो नेमका चुलतभावाकडे गेला होता आणि व्यापाऱ्याच्या हातात दावं ब्लासानं दिलं. त्याची आई गेली तेव्हा तो दारात उभा होता, डोळे मिटवले ते ब्लासानं. घरात काहीही संपवायची वेळ आली की सगळ्यांना तिचा हात घट्ट असल्याची आठवण होई. छाटणीची कात्री मात्र सासऱ्यानं तिला कधी शिवू दिली नव्हती. बाईनं काड्या वेचाव्यात, म्हणे.

तिनं कात्री घेतली. हातात ती वाटली होती त्यापेक्षा जड लागली. पुढच्या वेलीशी वाकून तिनं बारक्या काड्या उडवल्या आणि दोन जाडजूड काड्या तशाच, लांब, वाऱ्यावर सोडल्या. वेल विस्कटलेली दिसली, अंथरुणातून ओढून बाहेर काढलेल्या माणसासारखी. दुसरी केली. तिसरी केली. सोपं होतं, आणि ते इतकं सोपं जातंय याचीच तिला भीती वाटली. मनात दुःख नव्हतं. सुटका होती, आणि त्या सुटकेची थोडी लाज.

तिनं मागे पाहिलं. अतिलानो दूर जाऊन बांधावर तिच्याकडे पाठ करून बसला होता, खिशात तंबाखू शोधल्यासारखं करत. तंबाखू त्यानं कधीच सोडली होती.

“ए! इकडे ये.”

“तू कर ना, कर.”

“करतेय. पण तू इथे उभा राहून बघायचं. खेचराच्या वेळी पळालास, आईच्या वेळी दारात थांबलास. आज नाही. या तुझ्या आजोबांच्या वेली आहेत, माझ्या नाहीत. माझ्या एकटीच्या अंगावर हे टाकू नकोस, अतिलानो. माझ्यात आता तेवढी ताकद नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला. एवढं आयुष्य गेलं, पण ताकद नाही असं ती त्याच्यापुढे कधी म्हणाली नव्हती. तो उठला. गुडघा धरून हळूहळू आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्या तीन विस्कटलेल्या वेलींकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

“ही मधली चुकलीस,” तो म्हणाला. “काडी आतल्या बाजूची ठेवलीस. घड सावलीत सडतील.”

“मग दाखव.”

त्यानं कात्री परत घेतली. चौथ्या वेलीशी वाकला, आतली काडी काढली, बाहेरची निवडली आणि बोटं सवयीनं दोन डोळ्यांवर जाऊन थांबली. ब्लासानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला. बोटं सरकत सरकत काडीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे त्यानं शेंडा कापला. त्याचे डोळे वाहत होते. वाऱ्यानं म्हणाला असता, पण तिनं विचारलं नाही.

“वरच्या कापून झाल्या त्या झाल्या,” तो म्हणाला. “त्यांना थोडेच घड येतील. चांगले येतील. त्यांची वाइन वेगळी काढून घेऊ घरासाठी. मग मशीन येईल तेव्हा सगळ्याच.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच. आता मी म्हणतोय.”

नाताळातलं “बरं” असं नव्हतं, हे तिला कळलं. तिला हवं ते मिळालं होतं. पुढची वेल, तिच्या पुढची. तो कापत होता, ती बाजूनं चालत होती, आणि उतारावर वेली एकामागून एक हात वर केल्यासारख्या उभ्या राहत होत्या. ओळीच्या शेवटी तो कंबर धरून सरळ झाला.

“ब्लासा, पुढच्या फेब्रुवारीत सकाळी आपण काय करायचं?”

“झोपायचं. मी तर झोपणार.”

“आणि उठल्यावर?”

ब्लासानं वाकून पायाशी पडलेली काडी उचलली. इतकी वर्षं ती या झोपेची वाट पाहत होती, पण त्यातून उठावं लागेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

“मला काय विचारतोस?” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला त्या वेलींकडे बघवेना.