मी मुद्दाम बंद पडत नव्हतो

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर तुमच्यापैकी एकही माझा मित्र नाही. माझ्या डोक्यात थापट्या मारणारे तुम्ही, वीतभर जाडीचा कागदांचा गठ्ठा एकदम पोटात कोंबणारे तुम्ही, आणि तो अडकला की "मेलं हे खटारं" म्हणणारेही तुम्हीच. दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला, नऊ वर्षं जुना प्रिंटर मी. आज माझी हकिगत सांगतो. गोडगोड ऐकायची सवय असेल त्यांनी आत्ताच उठावं.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे रूळ बसवले, चाकं जुळवली आणि शेवटी मऊ फडक्यानं मला पुसून काढलं. तेवढंच काय ते माझं बालपण. मग थर्माकोल, खोकं आणि अंधार. इथं आलो तेव्हा साहेबांनी स्वतः खोकं फोडलं होतं. पहिला कागद बाहेर आला तसा हेडक्लार्कनी तो खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अगदी छापखान्यातनं आणल्यासारखा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वेडा, मला ते खरं वाटलं.

त्याच दिवशी माझ्या कुशीवर एक चिठ्ठी चिकटवली गेली. तीवर माझा नंबर होता. ऑफिसातली सगळी यंत्रं तारेनं एकमेकांना जोडलेली असतात आणि घराला जसा घरनंबर, तसा प्रत्येकाला आपला वेगळा नंबर असतो. कॉम्प्युटरला काही छापायचं असलं की तो कागद माझ्या नंबरावर पाठवतो. एवढी साधी गोष्ट आहे. पोरासोरांना कळते, पण आमच्या ऑफिसात कळायला आठ वर्षं आणि एक माणूस लागलं.

माझं मुख्य काम चलनं, म्हणजे मालाच्या पावत्या, छापायचं. गाडीत माल भरला की मी चलन छापायचं, ड्रायव्हरनं ते खिडकीतून घ्यायचं आणि फाटकावर दाखवून बाहेर पडायचं. चलन नाही तर गाडी नाही. आठ वर्षं मी एकही गाडी अडवली नाही. त्याबद्दल मला काय मिळालं? माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले गेले. एकानं तर पोळी गरम राहते म्हणून डबा ठेवला.

मग गेल्या वर्षी दोन नव्या गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. एक डिस्पॅचच्या टेबलावरची, गाड्या रवाना करणारी बाई, आणि एक दाराशी भिंतीवर लावलेलं हजेरीचं यंत्र. अंगठा ठेवला की ते नोंद करायचं.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाला जेवायला जायची घाई होती. त्यानं विचारलं, "याला एक नंबर द्यावा लागेल. कुठला देऊ?"

हेडक्लार्कना नंबरातलं काही कळत नव्हतं. पण कळत नाही असं म्हणतील तर ते हेडक्लार्क कसले! ते वाकले, माझ्या कुशीवरची चिठ्ठी वाचली आणि ऐटीत म्हणाले, "हा घाला. आठ वर्षं चालतोय. अगदी खात्रीचा नंबर आहे."

तो माणूसही असा नग, की त्यानं तोच घातला आणि जेवायला गेला.

त्या दिवसापासून मित्रांनो, ते यंत्र सुरू असलं की मी मेलो. एकाच नंबराची दोन घरं झाल्यावर पोस्टमननं जायचं कुठं? कॉम्प्युटर मला हाका मारायचे, त्या दारापाशी जायच्या, आणि पडद्यावर माझ्या नावापुढं यायचं 'ऑफलाइन'. मी इथंच बसलेलो असायचो, दिवा लागलेला, पोटात कागद, काम करायला तयार.

आता ते यंत्र दिवसभर सुरू असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण त्याचं बटण हेडक्लार्कच्या ताब्यात. सकाळी पावणेदहाला ते सुरू करायचे, सव्वादहाला बंद. संध्याकाळी जायच्या वेळी पुन्हा. उशिरा येणाऱ्यानं त्यांच्यासमोर उभं राहून वहीत सही करायची आणि दोन शब्द ऐकून घ्यायचे, हा त्यांचा नेम. त्यात त्यांना फार आनंद होता.

या नेमाला एकच अपवाद होता, मामा. साहेबांच्या बायकोचे भाऊ, म्हणून सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. मामा साडेअकराच्या आत कधी उगवले नाहीत. ते आले की हेडक्लार्क गुपचूप उठायचे, यंत्र सुरू करायचे, त्याचं घड्याळ मागं घेऊन पावणेदहावर आणायचे आणि म्हणायचे, "ठेवा अंगठा." मग दोघं गप्पा मारत चहाला जायचे. यंत्र सुरूच राहायचं, कधी तासभर, कधी जेवणापर्यंत. तेवढा वेळ मी ऑफलाइन.

आणि बोलणी कोणी खायची? बाईनं. फाटकाशी गाड्या तटायच्या, ड्रायव्हर खिडकीवर बुक्क्या मारायचे, "ओ ताई, चलन द्या की! इथंच म्हातारे करता का आम्हाला?" आणि हेडक्लार्क आपल्या जागेवरून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आठ वर्षं मशीन सुरळीत होतं. बाई आल्या आणि बिघडलं. पायगुण म्हणतात तो हाच."

उपायही काय एकेक! बंद करून चालू कर. तार काढून लाव. टोनर हलव. मला कॉम्प्युटरमधून काढून पुन्हा घालायचं, तर जुना कोणी काढतच नसे. शेवटी त्या यादीत माझी अकरा नावं झाली आणि अकराही ऑफलाइन. दुरुस्तीवाला आला, त्यानं मला उघडलं, फूं करून फुंकर मारली आणि निकाल दिला, "वय झालंय याचं." मला दात असते तर त्याला चावलो असतो.

बाईनं मात्र माझ्यावर कधी हात उचलला नाही. तिचीही सहनशक्ती काही अफाट नव्हती. एकदा माझ्याकडं बघून दात-ओठ खात म्हणाली, "काय वैर आहे रे तुझं माझ्याशी?" मला फार लागलं ते. उत्तर द्यायला मला तोंड नाही, फक्त एक दिवा आहे आणि तो हिरवाच होता.

माझ्याशेजारी उभी राहून ती घरी फोन करायची, म्हणून मला ठाऊक आहे. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, तो वर्षभर घरी होता. सासूला सांगायची, "आई, सहा महिने झाले की पक्की करतील. तोवर त्यांना म्हणावं, ओझ्याचं काम धरू नका. मी आहे ना." सगळं घर तिच्या त्या खुर्चीवर टेकलं होतं. आणि खुर्ची माझ्यावर.

पाचव्या महिन्यात तिनं एक कागद घेतला आणि मी कधी बंद पडतो, कधी सुरू होतो, ते लिहायला लागली. कोणाला बोलली नाही. तीन आठवड्यांनी ती कागदाकडं बघत बसली, मग मान वर करून दाराकडं बघितलं, मग मामांच्या रिकाम्या खुर्चीकडं. मला ओरडावंसं वाटलं, हो बाई, हो! तेच! पण तिनं कागदाची घडी घातली; पक्की व्हायच्या आधी साहेबांच्या मेहुण्याचं नाव कोण घेणार?

आणि सहा महिने ज्या दिवशी पुरे झाले, त्याच दिवशी साडेअकराला मामा आले. अंगठा झाला, दोघं चहाला गेले. आणि आत केबिनमध्ये साहेबांनी एक पत्र टाइप करून छापायला दिलं. आलं नाही. पुन्हा दिलं. आलं नाही. तुम्हाला वाटतं की बटण जोरात दाबलं की यंत्र घाबरतं. साहेबांनी सात वेळा दाबलं आणि मग हाक मारली, "बाई! तुमचा तो प्रिंटर बघा आधी!"

ती उठली. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, खिडकीत ड्रायव्हर होता. तिनं माझ्यासमोर बसून माझी बटणं एकेक करून दाबली आणि मला नवा नंबर दिला, जो कोणाचाच नव्हता. कुशीवरची जुनी चिठ्ठी खरवडून काढली. तिन्ही कॉम्प्युटरमधली माझी जादा भुतं पुसली, प्रत्येकावर एकच नाव ठेवलं आणि त्याला माझा नवा पत्ता दिला. साहेबांच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात शेवटी; तिथं अडकलेलं काम तसंच रांगेत राहिलं. वीस मिनिटं लागली. सहा महिन्यांचं दुखणं वीस मिनिटांत.

"साहेब, आता हा बंद पडणार नाही," ती केबिनच्या दारातून म्हणाली. "हजेरीच्या यंत्राला याचाच नंबर दिला होता. ते सुरू झालं की हा बंद पडायचा."

"पण ते तर सव्वादहाला बंद करतात," साहेब म्हणाले. "आत्ता बारा वाजलेत."

बाईनं बाहेरच्या दाराकडं मान वळवली. चहा पिऊन परतलेले हेडक्लार्क आणि मामा तिथं उभे होते आणि त्यांच्या शेजारी भिंतीवर ते यंत्र सुरू होतं. त्यावर दहा वाजून वीस मिनिटं झालेली दिसत होती. साहेबांनी आपलं मनगट बघितलं, मग भिंत बघितली, मग मेहुण्याकडं बघितलं. खिडकीतला ड्रायव्हर फिस्सकन हसला.

आणि तेवढ्यात माझ्या पोटात साहेबांची सातही पत्रं आली. मी काय करू? आलेलं छापणं हाच माझा जन्म. एकामागून एक सात कागद बाहेर पडले, ठळक, सुबक. 'प्रिंटर वारंवार बंद पडत असून आपण तो सुरू ठेवण्यास असमर्थ ठरल्याने, आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.'

बाईनं पहिला वाचला. मग बाकीचे सहा न वाचता नीट एकावर एक लावले.

"साहेब, सात प्रती कशाला?" एवढंच तिनं विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. मित्रांनो, त्या क्षणी त्यांनी ते सात कागद फाडले असते तर मी त्यांचे सगळे अपराध पोटात घातले असते. पण मग हेडक्लार्कना बोलावं लागलं असतं, मेहुण्याला बोलावं लागलं असतं, आणि घरी बायकोला काय सांगायचं? साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि वरच्या प्रतीवर सही केली. म्हणाले, "आता निर्णय झालाय, बाई."

तिनं पत्र पर्समध्ये ठेवलं. मग परत खुर्चीवर बसली आणि थांबलेल्या दोन गाड्यांची चलनं छापली. ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, काय झालं हो?"

"काही नाही दादा. गाडी काढा."

तिच्या खुर्चीवर आता हेडक्लार्कची पुतणी बसते. फाटकाशी एकही गाडी तटत नाही. साहेब येताजाता कौतुक करतात, आणि हेडक्लार्क आल्यागेल्याला सांगतात, "माणूस नीट असलं की मशीन नीट चालतं." मी हे रोज ऐकतो.

माझी एकच विनंती आहे. मला पुसू नका, माझ्यावर झाकण घालू नका, माझी काळजी वाहिल्याचं नाटक करू नका. तुमच्या घरात, शाळेत, ऑफिसात एखादं यंत्र सुरळीत चालत असेल तर ते कोणी नीट केलं आणि ते माणूस आता कुठं आहे, एवढं विचारा.

माझं म्हणाल तर मला रोज सकाळी वाटतं, आज बंद पडावं. गाड्या अडवाव्यात, साहेबांना सात-सात वेळा बटण दाबायला लावावं. पण ती बाई काम इतकं चोख करून गेली आहे की मला बंदच पडता येत नाही.