कांद्याच्या सालीतली अंडी

"बुएनाऽऽ! अगं बुएना, माफ केलंस का गं मला?"

खालच्या चौकातून वर चढत येणारी ती हाक. किप्पूरच्या उपासाच्या आदल्या दुपारी, वर्षानुवर्षं. माणसांची माफी मागितल्याशिवाय त्या उपासाला बसायचं नाही, ही आपल्या यहुद्यांतली रीत. दुदून यायची, हातात फडक्याखाली झाकलेली बशी. बशीत कांद्याच्या सालींत रात्रभर मंद शिजवलेली, तपकिरी झालेली अंडी. मान वर करून विचारायची, थांबायची, मग बशी पायरीवर ठेवून वळायची. ती वळली की बुएना बाल्कनीतून ओरडायची, "मांजरांना घालीन हं!"

"घाल बाई. त्यांचा तरी उपास सुटू दे."

एवढंच बोलणं. माफीला होही नाही आणि नाहीही नाही.

यंदा किप्पूर तोंडावर आला होता आणि सकाळीच मातिल्दाचा फोन आला. मातिल्दा म्हणजे समुद्राकडच्या रस्त्यावर औषधांचं दुकान चालवणारी, मयताला न्हाऊ घालणाऱ्या मंडळींतली त्यातल्या त्यात तरुण.

"मावशी, दुदूनमावशी गेली."

बुएनाने उतू चाललेली कॉफी खाली उतरवली. "मग मला कशाला सांगतेस?"

"न्हाऊ घालायला कुणी नाही. मी आजवर नुसतं पाणी ओतलंय. पुढचं मला येत नाही."

"का? तिच्या त्या सोवळ्या बायका कुठं गेल्या?"

"कब्रस्तानात, मावशी. सगळ्या ओळीनं निजल्यात."

थेस्सालोनिकीत एके काळी बंदरावरचे हमालसुद्धा आपले होते. शनिवारचा आपला विसावा आला की अख्खं बंदर गप्प व्हायचं. मग युद्धात जर्मनांनी गाड्या भरभरून माणसं नेली, परतली ती मूठभर. आता एका मयताला दोन जाणते हात मिळेनात.

बुएनाला लीना आठवली. आठवायला ती विसरली कुठे होती म्हणा! एकुलती एक लेक. यानिसवर तिचा जीव जडला तेव्हा लग्न लागायचं ते चर्चमध्येच, आणि त्याआधी पाद्र्याच्या हातचं पाणी डोक्यावर घेऊन ख्रिस्ती व्हावं लागायचं. तिने घेतलं. तिशी गाठते न गाठते तोच रक्ताच्या आजाराने अंथरुणाला खिळली. शेवटी आईला म्हणाली, "आई, मला आपल्या बायकांनी न्हाऊ घालावं."

बुएना धावत दुदूनकडे गेली होती. न्हाऊ घालणाऱ्या बायकांत तेव्हा दुदूनचा शब्द शेवटचा. लीनाला कडेवर घेऊन अंगाई म्हणणारीही तीच. पण दारातच म्हणाली, "ती आता आपली नाही, बुएना. मला हात लावता येत नाही." लीना आपल्या हातच्या पाण्यावाचून परक्या मातीत गेली. तोवर बुएनाही दुदूनबरोबर मयतांना न्हाऊ घालायला जायची; त्या दिवसापासून तिने ते काम सोडलं. पुढच्या किप्पूरपासून खालून हाक येऊ लागली.

फोनवर मातिल्दा वाट पाहत होती.

"पाणी कोमट ठेव," बुएना म्हणाली. "येते."

तिथे न्हाऊ घालताना बोलायचं नसतं. बुएना हातानेच दाखवत गेली. आधी डोकं, मग उजवं अंग, मग डावं. जेवढं धुवायचं तेवढंच उघडायचं. देहावरून पलीकडे काही द्यायचं नाही, वळसा घालून जायचं. हे सगळं तिला दुदूननेच शिकवलं होतं, आणि आता शिकवणारीच्या केसांतून पाणी निथळत होतं. तो चेहरा डोळे भरून पाहायचा, मनातला विस्तव एकदाचा विझवायचा, म्हणून बुएना आली होती. पण चेहरा नुसता थकलेल्या म्हातारीचा होता.

मग नखं. काडीला कापूस गुंडाळून बुएनाने एकेक बोट हातात घेतलं. बोटांची टोकं तपकिरी होती. कांद्याच्या सालींचा रंग, आयुष्यभराचा, कातडीत मुरलेला. ती घासत राहिली. डाग हलेना. मातिल्दाने हळूच तिच्या मनगटावर हात ठेवला, राहू दे म्हणून.

कफन चढलं. आता मयताची माफी मागायची. मातिल्दा पायांशी उभी राहिली. "दुदून, पालोंबाची लेक, तुझा मान राखण्यात आमच्याकडून काही उणं राहिलं असेल, तर माफ कर."

आणि तिने बुएनाकडे पाहिलं.

बुएनाचे ओठ हलले. शिकवलेले शब्द काही येईनात. ती वाकली, कफनाच्या कापडावरून त्या बोटांवर हात ठेवला.

"मांजरांनी नाही खाल्ली गं," ती म्हणाली. "दर वर्षी माझा उपास तुझ्याच अंड्यांवर सुटायचा."