ब्रेकला कुंकू

सुरेंद्रला विचाराल तर गाडी म्हणजे इंजिन, बाकी सगळी मागची वरात. मावला गावात महिपत मिस्त्रीच्या गॅरेजात तो टर्बोवर तासभर बोलायचा. स्टिअरिंग आणि गिअरला फार तर दोन वाक्यं मिळायची. ब्रेकचं नाव काढलं की हसायचा, "थांबायचंच होतं, तं गाडी काऊन घेतली?" महिपत मिस्त्रीचं डोकं फिरायचं. उन्हाळ्यात त्यानं चावीच दाबून ठेवली आणि नवे ब्रेक पॅड बसवल्याशिवाय गाडी दिली नाही.

गेल्या आठवड्यात भैंसा रोडवर, वळणापलीकडे, एक बैलगाडी आडवी उभी होती. सुरेंद्रची गाडी बैलापासून हातभर अंतरावर थांबली. मागे बसलेली लेक नेहा म्हणाली, "बाबा, बैलाचे डोये किती मोठे हायत!"

आज दसरा. तेलात कालवलेलं कुंकू घेऊन सुरेंद्र गॅरेजात आला. बॉनेट सोडून थेट पुढच्या चाकाशी बसला आणि त्यानं बोट ब्रेकच्या चकतीकडे नेलं.

महिपतनं मनगटच धरलं. "अबे, येडा झाला काय? ब्रेकले तेल लावून राह्यला! उद्या थांबन काय थे?"

"मंग कुठं लावू, भाऊ? त्यानंच तं वाचवलं आमाले."

महिपतची पकड सैल झाली. सुरेंद्रनं कुंकवाचं तेच बोट उचललं आणि त्याच्या कपाळाला टेकवलं.

त्या दिवशी मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसला. फक्त घाम पुसताना कपाळावरची तेवढी जागा सोडत होता.