हट्टी राजमा

आजोबांची कवळी तीन आठवडे कपातल्या पाण्यात पडून होती. उरलेसुरले दात काढून ती बसवली, तर पहिल्याच दिवशी बोचते म्हणून त्यांनी ती उतरवली. तेव्हापासून सूप, दूध आणि दुधात बुडवलेला पाव. वजन चार किलोने उतरलं. बुधवारी तपासणी होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: आणखी घटलं तर दवाखान्यात भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल.

म्हणून सुनेने राजमा ठरवला. नीट शिजला की तो जिभेनेही चिरडता येतो. शनिवारी तिने तो भिजत घातला आणि रविवारी सकाळी मुलीला पोहायला नेताना कुकर नवऱ्यावर सोपवला. "दाणे, पाणी, सहा शिट्ट्या. बाकीचं मी आल्यावर."

नवरा सामान पोचवायची व्हॅन चालवायचा. एका फेरीत होणाऱ्या कामाला दोन फेऱ्या मारणं त्याला पटत नसे. राजम्यावरच त्याने चार टोमॅटो, मीठ, तिखट चढवलं आणि झाकण लावलं.

साडेबाराला सुनेने दाणा दाबून पाहिला. निव्वळ गोटी. आणखी चार शिट्ट्या झाल्या, तरी गोटीच.

"राजमा जुना असेल," नवरा म्हणाला.

"परवाच आणलाय. बाबांनी आता काय चावायचं, माझं डोकं?" तिचा आवाज चढला आणि तिथेच फाटला.

दारात आजोबा उभे होते. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं त्यांनी रोज चारशे माणसांचं रांधलं होतं, पण घरच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. 'तिथे तुमचं राज्य, इथे माझं,' असं आजी म्हणायची, आणि ती गेल्यावरही त्यांनी ते पाळलं होतं.

"दहा शिट्ट्या मोजल्या मी," ते म्हणाले. "टोमॅटो आधी घातलेस का रे?"

"एकदमच उरकलं, बाबा."

"गाढवा, आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो. मग बापाचंही ऐकत नाही. सूनबाई, चाळणी आण."

त्यांनी राजमा गाळला, आंबट रस बाजूला ठेवला, दाणे धुतले, उकळतं पाणी आणि चिमूटभर सोडा घातला. पाच शिट्ट्यांनी गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर एक दाणा बोटांत दाबला. मग तोंडात टाकला, हिरड्यांवर इकडून तिकडे फिरवला आणि ते वैतागले.

"काही कळत नाही. शिजला की नाही ते दातच सांगतात. अगं ए, माझा कप आण."

नात धावत गेली. कवळीचा कप घेऊन आली. आजोबांनी पाठ फिरवून कवळी बसवली, दुसरा दाणा चावला, मग तिसरा.

"शिजलाय. आता रस घाल, दहा मिनिटं उकळू दे. आणि तिखट कुणी घातलंय एवढं?"

"तुमच्या मुलाने," सून म्हणाली.

"शोभतं."

जेवताना त्यांनी एक वाटी संपवली. मग दुसरी मागितली. सुनेने डाव भरून वाढला आणि पाणी आणायच्या निमित्ताने ओट्याशी जाऊन उभी राहिली. कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल पडले होते.

"आजोबा, बोचत नाही का?" नातीने विचारलं.

"बोचते. पण आता कामाला लागलीय."

बुधवारी वजन तीनशे ग्रॅमने वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी भरतीचा कागद बाजूला सारला. घरी येताना आजोबा व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसले आणि मुलाला बजावू लागले.

"रविवारी चवळी. तू फक्त भिजत घाल. पुढची फेरी माझी."